परका खिळा

आमच्या छापखान्यात तो आला तेव्हा
नुसता शाईचा होता,
फुलस्केप कागदावर, एकाच बाजूला.
नरहरपंत सरंजामे.
डेक्कनवर बंगला, दारात फोर्ड,
आणि बायको द्वारका.
ह्याच क्रमाने, पहिल्याच पानात.

मी जुळारी. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला,
समोर चौदा पॉइंटाची केस, डाव्या हातात स्टिक.
आम्ही गोष्ट वाचत नाही,
अक्षरं उचलतो, उलटी, एकेक.
तरी माणूस बोटांना कळतो.

नरहरपंत बोलायला लागले
की माझा हात म-च्या खणात.
मी म्हणतो. माझ्या घरात. मला विचारल्याशिवाय.
माझं मीठ खाता, माझ्या पंख्याखाली झोपता.
चहा गार झाला तरी मी,
कुत्रं आजारी पडलं तरी माझं.
तिसऱ्या प्रकरणाला खणाचा तळ दिसला,
लाकडावर नखं वाजली.

द्वारकाबाईंना फारसं काही लागायचं नाही.
बरं. हो. आणते.
आणि लेखकराव द्यायचे ती टिंबं, तीन-तीन,
तिच्या नावापुढे.
टिंबं पावशेर होती माझ्याकडे.
तीही सरत आली.

अकराव्या प्रकरणात, पान एकशे सत्त्याण्णव,
ती पहिल्यांदा पुरतं वाक्य बोलते:
मी माहेरी जाते.
तीन शब्द. दोन म.
खणात एकही नाही.
सगळे त्याच्या तोंडी, फर्म्यात आवळलेले.

मालक म्हणाले, वाक्य बदलून घेऊ,
'बरं, जाते' असं काहीतरी. लेखक आपल्यातलेच आहेत.
मी म्हटलं, थांबा.
सायकल काढली, भर उन्हात शनिवारात गेलो,
टकल्यांच्या प्रेसमधून दोन म उसने आणले
कागदाच्या पुडीत, अंगाऱ्यासारखे.
बारा पॉइंटाचे निघाले. अंगाने बारीक.
खाली-वर शिशाच्या पट्ट्या देऊन
बसवले तिच्या वाक्यात.

प्रुफावर बेहेरे मास्तरांनी
दोघांना लाल शाईने घेरलं,
समासात लिहिलं: परका खिळा. बदला.
परका.
आमच्याकडे पोरीला पाळण्यातच
हा शब्द चिकटवतात, धन म्हणून.
ते प्रूफ मी हरवलं. मुद्दाम.
पुस्तकात अजून तसेच आहेत ते,
वरून सहावी ओळ.
लोकांना वाटतं, छपाई गचाळ.

ती जाते का, विचाराल.
जाते. स्टेशनपर्यंत.
मग लेखकरावांनी नरहरपंतांच्या छातीत कळ आणली
आणि ती परत, पाय चेपत, टिंबं टिंबं.
मरतानाही तो म्हणाला, माझी काठी.
काठीसाठी म लागला नाही,
एवढंच त्या दिवशी बरं वाटलं.

मग फर्मे सोडले.
मूठमूठ म खणात पडले, टकटक,
आणि दुपारी त्यातूनच जुळवली
बोहरी आळीतल्या मसाल्याची जाहिरात.

एकसष्टच्या पुरात केसेस गेल्या.
गाळात हात घालून आम्ही अक्षरं वेचली,
कुठलं कुणाच्या तोंडचं, काही कळत नव्हतं.
ते दोन बारीक तेवढे वाचले.
घरी होते, कोनाड्यात, काडेपेटीत.
टकल्यांना परत केलेच नव्हते.

परवा कोनाडा आवरताना
शेवंतेनं पेटी कानाशी हलवली.
हे कुणाचं, तिनं विचारलं.
'माझं' म्हणायला मी ओठ मिटले.
म-साठी ते आधी मिटावेच लागतात.
मग उघडले नाहीत.
ती वाट बघत उभी,
पेटी तिच्याच हातात.